झाडांका पाणी कोण घालतलो?

आमच्याकडे गावचे मोठे विषय मे महिन्यात निघतात, कारण चाकरमानी तेव्हाच गावात असतात. यंदा देवळाच्या सभामंडपात निघाला तो भाऊंच्या घराचा विषय. भाऊ म्हणजे आमच्या गावचे चित्रकार. मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत शिकले, तिथेच नाव कमावलं आणि निवृत्तीनंतर गावच्या घरात राहून शेवटपर्यंत जलरंगात दोनच गोष्टी रंगवल्या: समुद्र आणि स्वतःची बाग. (घर अजून वाटणीत आहे, म्हणून आडनाव लिहीत नाही.) त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, घर बंद आहे. एका गटाला तिथे स्मारक हवं आहे, म्हणजे कलादालन, अर्धपुतळा, गाड्या लावायला जागा आणि स्वच्छतागृह. दुसऱ्या गटाला धास्ती आहे की पर्यटक आले की गाव हातचं जाईल, तेव्हा घर आहे तसं राहू दे. दोन तास आवाज चढत गेले. कुणी कुणाच्या आजोबांनी देवळाची घंटा कशी लाटली इथपर्यंत पोचलं. मध्येच खांबाला टेकून बसलेल्या शेजारच्या काकी म्हणाल्या, "ता सगळा करा, पण झाडांका पाणी कोण घालतलो?" लोक हसले आणि पुन्हा भांडायला लागले.

त्या दोन तासांत मुद्द्याचं बोलल्या त्या एकट्या काकी, असं माझं मत आहे. चित्रकाराचं घर जपायचं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बांधकाम येतं. खरा प्रश्न रोजच्या मजुरीचा असतो. माळ्याचा पगार कुठून येणार आणि दरवर्षी छप्पर कोण शाकारणार, एवढं ठरलं तर घर वाचेल. ते ठरत नसेल तर कलादालनाची कुदळ मारूच नये. पैसे वाया जातील हे तर आहेच, पण बांधकामासाठी आधी झाडं तोडली जातील, आणि भाऊंच्या बाबतीत झाडं हीच मूळ गोष्ट होती.

आधी 'आहे तसं राहू दे'वाल्यांशी बोलतो, कारण माझा जीव खरं तर त्यांच्याकडे ओढतो. पण कोकणात काय आहे तसं राहतं? मी परवा जाऊन आलो. पडवीच्या कोपऱ्यावरची तीन कौलं सरकली आहेत. त्याखालचा वासा काळा पडलाय, अंगठा दाबला तर नख आत जातं. सुरंगीच्या बुंध्याशी रानमोडी कमरेएवढी वाढली आहे. पडवीच्या आतल्या भिंतीवर भाऊ ब्रश पुसायचे, ते निळे-करडे पट्टे अजून दिसतात, पण चुन्याला पोपडे धरलेत आणि खालचे पट्टे पोपड्याबरोबर गळाले आहेत. अबोली त्यांनी मुद्दाम गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लागून लावली होती, नारिंगी फूल आणि जांभ्याचा लाल-तपकिरी रंग एकमेकांत मिसळतात की भांडतात ते पाहायला. ती जिवंत आहे, कारण काकी कळशीने पाणी घालतात. अनंताचं झाड मेलं. दोन पावसाळे छप्पर शाकारलं नाही की घराचं काय होतं हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. मग हात न लावणं म्हणजे जपणं, असं आपण कुठल्या तोंडाने म्हणतो? तो पाडण्याचाच प्रकार आहे. फक्त पाडणारा पाऊस असल्यामुळे दोष कुणावर येत नाही, इतकंच.

आता स्मारकवाले. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्या एका पुतण्याने मोबाइलवर फ्रान्सचे फोटो फिरवले. क्लॉद मोने या चित्रकाराचं जिव्हर्नी गावातलं घर, हिरव्या रंगाचा जपानी पूल, कमळांचं तळं. "बघा, तिकडे कसं जपलंय!" त्याच्या बोलण्यातली असूया मला समजते. पण फोटोत दिसत नाही ती गोष्ट फार बोधक आहे आणि ती स्मारकवाल्यांच्या उपयोगाची नाही. मोने १८८३ साली त्या गावात भाडेकरू म्हणून आला. घर विकत घ्यायला त्याला १८९० साल उजाडलं. १८९३ मध्ये त्याने रुळांपलीकडचा जमिनीचा तुकडा घेऊन तळ्यासाठी ओढ्याचं पाणी वळवायची परवानगी मागितली, तेव्हा गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. ही परदेशी झाडं पाणी नासवतील, आमच्या गुरांचं काय, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्या सभामंडपातलं भांडण आणि हे भांडण यात फरक भाषेचाच. शेवटी परवानगी मिळाली आणि आज ज्या कमळांच्या चित्रांपुढे लोक तासन्‌तास बसतात त्यांचं तळं तयार झालं. त्या तळ्यासाठी एक माळी वेगळा नेमलेला होता, होडीत बसून पानं साफ करणारा. पुढे पुढे मोने चित्रं काढायला फारसा बाहेर जाईनासा झाला. त्याने आधी विषय लावला, वाढवला आणि मग रंगवला. म्हणजे बाग हेही त्याचंच काम, कॅनव्हास त्यानंतरचा.

आणि पुढे काय झालं? १९२६ मध्ये मोने गेला. त्याची सावत्र मुलगी आणि सूनही असलेली ब्लांश १९४७ पर्यंत सगळं सांभाळत होती. तिच्यानंतर काय झालं असेल ते ओळखायला फ्रान्सला जावं लागत नाही. मुलगा मिशेल १९६६ मध्ये मोटार अपघातात गेला आणि इच्छापत्रान्वये घर तिथल्या ललित कला अकादमीकडे आलं. दहाएक वर्षांनी, १९७७ मध्ये, जेराल्ड व्हान देर केम्प दुरुस्तीला उभे राहिले तेव्हा तुळया कुजल्या होत्या, एक जिना कोसळला होता आणि मोठ्या स्टुडिओत तीन झाडं उगवली होती. तळं पुन्हा खणावं लागलं, पूल नव्याने बांधावा लागला. बरेचसे पैसे अमेरिकन देणगीदारांकडून आले. १९८० मध्ये दार लोकांसाठी उघडलं. म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखवून आपण स्वतःला बोल लावतो, त्या फ्रेंचांनीही जगातल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकारांपैकी एकाची बाग तीस वर्षं रानाच्या हवाली केली होती. वाचवताना त्यांनी नवं काय बांधलं ते दुय्यम आहे. खरं काम तिथे आजही माळ्यांची फौज करते. हिवाळ्यात बाग बंद ठेवतात, एप्रिलपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच दार उघडं असतं. बाकीचे महिने खणायचे आणि लावायचे.

इथे विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो आणि तो मी मान्य करतो. जिव्हर्नी हे पाचेकशे वस्तीचं गाव, तिथे वर्षाला लाखो माणसं येतात. आपल्याकडे आंगणेवाडीच्या जत्रेत जी दाटी दीड-दोन दिवस होते, तशी दाटी सात महिने असेल तर त्या गावाचं काय उरतं? घरात मोनेची मूळ चित्रंही नाहीत, ती पॅरिसच्या संग्रहालयांत. भिंतींवर आहेत त्या प्रती. झाडं पुन्हा लावलेली, पूल नवा. मग एवढ्या गर्दीने तिथे जाऊन पाहायचं काय, देखावा? असल्या ठिकाणी फोटो काढायला रांग लावणाऱ्यांबद्दल मला फार आपुलकी नाही. तरी गर्दी ही नशिबाने येत नाही, ती आपण बोलावतो तेवढी येते. शंभर गाड्यांची जागा केली की शंभर गाड्या येणार. वीसच माणसं, आधी फोन करून, सकाळी आठ ते अकरा, असं ठरवायला कायदा आड येत नाही. आडवी येते ती आपली हौस. उद्घाटनाला मंत्री आला पाहिजे म्हटलं की मंत्र्याच्या ताफ्याएवढा रस्ता लागतो.

'नकली'चा आक्षेप मात्र मला पटत नाही, आणि कोकणातल्या माणसाला तर तो मुळीच पटू नये. आपलं कुठलं घर 'मूळ' असतं? दरवर्षी वैशाखात कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे पाहायचे, पुन्हा रचायची. पावसाआधी पडवीला झावळ्यांच्या झड्या बांधायच्या, दिवाळीला सोडायच्या. खळं, म्हणजे अंगण, दरवर्षी नव्याने चोपायचं आणि सारवायचं. पन्नास वर्षांत त्या घरातलं निम्मंअधिक सामान बदललेलं असतं आणि तरी आपण म्हणतो, पणजोबांनी बांधलेलं घर. ते खोटं बोलणं असतं का? घर म्हणजे आपल्याकडे नेमाने करायचं काम. त्या नेमात खंड पडला की घराचा चौथरा होतो. सुरंगीचं नवं रोप जुन्याच जागी लावलं आणि मार्चमधल्या सकाळी तिथे तिच्या फुलांच्या वळेसराचा, म्हणजे गजऱ्याचा, तोच वास आला, तर भाऊंनी कशासाठी ती तिथे लावली होती ते कळेल. अर्धपुतळा ते सांगू शकणार नाही.

इथे कुणी म्हणेल, चित्रं आहेत ना, मग घर कशाला? सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम हळदणकर आठवतात. हातातल्या दिव्याच्या उजेडात उभी असलेली स्त्री, हे त्यांचं जलरंगातलं चित्र मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे; मॉडेल म्हणून उभी होती त्यांची मुलगी गीता. आजही किती लोक ते रविवर्म्याचं चित्र म्हणून पाहतात आणि सांगतात! चित्र टिकलं, सुखरूप आहे, पण माणूस त्यातून निसटला. अलिबागजवळच्या नागावला दर शनिवार-रविवारी मुंबईची गर्दी लोटते. तिथे १९३६ मध्ये चित्रकार प्रभाकर बरवे जन्मले, हे त्या गर्दीत कुणाला माहीत असेल? सांगणारी जागा नसली की चित्रं पोरकी होतात, आणि गावंही.

उलट उदाहरण त्याच अलिबाग तालुक्यात आहे, आणि तेही बरव्यांच्या नात्यातल्या माणसाचं. मांडव्याजवळच्या सासवण्यात शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) यांचं घर शिल्पालय म्हणून उघडं आहे. चित्रकला शिक्षक असताना मी एकदा एलिमेंटरीच्या मुलांना घेऊन गेलो होतो. आवारातल्या म्हशीच्या शिल्पाजवळ जायला सहावीतला एक मुलगा तयार होईना. घरी म्हशी असलेला मुलगा तो. लांबून तिच्या कानाकडे बघत राहिला आणि मग हळूच म्हणाला, "सर, माशी बसली तरी कान हलत नाही हिचा." शिल्पाबद्दल मी वर्गात जे तीन वर्षं सांगत होतो ते त्याला तिथे मिनिटभरात समजलं. पुण्यातला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा १९२८ चा भव्य पुतळा याच माणसाने केला, हे मी मुलांना सांगितलं. पण त्यांना जास्त आवडली ती राममंदिराच्या भिंतीची गोष्ट. लहानपणी गावच्या देवळाच्या भिंतीवर करमरकरांनी महाराजांचं चित्र काढलं, ते कलेक्टर ऑटो रॉथफील्डच्या नजरेस पडलं आणि त्याने त्यांना जे.जे.त धाडलं. परतीच्या वाटेवर मुलं प्रत्येक भिंतीकडे वेगळ्या नजरेने बघत होती (पुढच्या आठवड्यात शाळेच्या भिंतीचं जे झालं त्याबद्दल मला मुख्याध्यापकांची बोलणी खावी लागली). ही गोष्ट पुस्तकात वाचली असती तर? वाचली असती, बस.

त्याआधीच्या वर्षी मी त्याच वयाच्या मुलांना एका दुसऱ्या, सरकारी खर्चाने बांधलेल्या स्मारकावर नेलं होतं. ग्रॅनाइटची पायरी, काचेचं दार, दाराला कुलूप. चावी शिपायाकडे, शिपाई लग्नाला. काचेला नाक लावून मुलांनी आत पाहिलं तर प्लास्टिकच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या. कुंड्यांतली माती वाळून कडांपासून सुटली होती.

तेव्हा पैशांबद्दल बोलू या, कारण त्याच मुद्द्यावर सगळे घुम्यासारखे बसतात. शाळेला शिक्षक नाहीत, दवाखान्याला डॉक्टर नाही, आणि तुम्हाला चित्रकाराच्या बागेला माळी हवाय? हा प्रश्न बैठकीत एका तरुण मुलीने विचारला आणि तिला टाळ्या मिळाल्या त्या योग्य होत्या. माझं उत्तर एवढंच, की मी जास्त पैसे मागतच नाही, वेगळ्या रीतीने मागतो. समजा स्मारकाला एक कोटी मिळणार आहेत. ते सिमेंटमध्ये घातले तर तिसऱ्या वर्षी गिलाव्याला चिरा आणि विजेचं बिल थकलेलं. तेच साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला साडेसहा लाख. दोन माळी, महिना पंधरा हजार प्रत्येकी, म्हणजे तीन लाख साठ हजार. उरले दोन लाख नव्वद हजार, त्यात शाकारणी, पंप, खत, वाळवीचं औषध आणि वर्षाकाठी थोडं मुद्दलात परत टाकायचं, कारण महागाई व्याज खाते. गावातल्या दोन घरांना बारमाही पगार. डॉक्टरचा प्रश्न याने सुटत नाही हे खरं, पण कलादालन बांधल्यानेही तो सुटणार नव्हता.

ही माझी शक्कल नव्हे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी लेणं खोदवलं आणि तिथेच थांबला नाही. तीन हजार कार्षापणांची (तेव्हाच्या नाण्यांची) 'अक्षयनीवी' केली, म्हणजे मुद्दल कधी न मोडण्याची ठेव. त्यातले दोन हजार गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, महिना एक टक्का व्याजाने. त्याचे वर्षाचे दोनशे चाळीस, म्हणजे वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा. उरलेले हजार पाऊण टक्क्याने, इतर खर्चाला. त्याच लेखात आठ हजार माडांच्या दानाची नोंद आहे. जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या दात्याला कळत होतं की दगड खोदून झाल्यावर खरा खर्च सुरू होतो. देवळातल्या नंदादीपाला जमीन लावून देणारे आपले पूर्वजही तेलाचा विचार करत होते. आपल्याला नेमकं केव्हापासून वाटू लागलं, की कोनशिला बसली की काम संपलं?

सर्वांत अवघड अडचण मी शेवटी ठेवली, कारण तिला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. सातबारा. भाऊंच्या घरावर चौदा नावं आहेत. त्यांतली दोन माणसं हयात नाहीत, एक कॅनडात आहे आणि दोन सख्खे चुलतभाऊ फणसाच्या झाडावरून बोलत नाहीत. मिशेल मोनेच्या बाबतीत एका इच्छापत्रात काम झालं. आपल्याकडे तसं घडायची वाट पाहिली तर छप्पर थांबणार नाही. म्हणून मालकीला हात न लावता फक्त पडवी, स्टुडिओची खोली आणि बाग यांचा दीर्घ मुदतीचा भाडेकरार करावा, भाडं नाममात्र, माजघर आणि देवघर कुटुंबाकडे, गणपतीला त्यांनी हक्काने यावं. चौदाजणांची सही यालाही लागेल. पण 'द्या' म्हटल्यावर जो हात आखडतो तो 'वापरू द्या' म्हटल्यावर थोडा सैल होतो, असा माझा अनुभव आहे. फणसांची वाटणी आधी लिहून घ्यावी.

थोडक्या पैशांत चाललेली कामं आपल्याच भागात आहेत. कुडाळजवळ पिंगुळीला परशुराम गंगावणे यांनी चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचं संग्रहालय उभं केलं ते आपल्या गोठ्यात. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मालगुंडला केशवसुतांचं कौलारू घर कोकण मराठी साहित्य परिषदेने सांभाळलं, १९९४ मध्ये कुसुमाग्रजांच्या हस्ते तिथल्या स्मारकाचं उद्घाटन झालं, आणि गणपतीपुळ्याला आलेली माणसं वाट वाकडी करून तिथे जातात. सासवण्याचं शिल्पालय करमरकरांच्या कुटुंबाने जपलं. या तिन्ही ठिकाणी आधी कुणीतरी रोज दार उघडणारं होतं. एकाच कुटुंबाच्या किंवा एकाच माणसाच्या जिद्दीवर हे किती पिढ्या चालणार, हा आक्षेप बरोबर आहे. पण त्याचा अर्थ त्या जिद्दीला पगाराची जोड द्या असा होतो, तिच्या जागी ग्रॅनाइट बसवा असा होत नाही.

बैठकीचं पुढे काय झालं ते सांगतो. अकरा जणांची स्मारक समिती झाली. त्यात दोन वकील, एक कंत्राटदार, तीन मुंबईकर, मीही आहे. काकींचं नाव मी सुचवलं, ते 'महिला प्रतिनिधी नंतर घेऊ' म्हणून राहिलं. माळ्याचा आणि शाकारणीचा मुद्दा कार्यवृत्तात 'इतर विषय' या सदराखाली लिहिला आहे. पुढची बैठक गणपतीत, तेव्हा चाकरमानी पुन्हा येतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाऊंच्या खळ्यात गेलो तेव्हा काकी विहिरीवरून कळशी घेऊन येत होत्या. म्हटलं, एवढ्या लांबून कशाला उचलता, मी बाजारातून पाइप आणून देतो, विहिरीवर पंप आहेच. त्यांनी कळशी अबोलीच्या मुळाशी हळूहळू रिकामी केली, पदराने हात पुसले.

"गुरुजी, पाइप हाडशात," त्या म्हणाल्या, "पण पंप कसो चलतलो? लायट कापलेली आसा."